तो हत्ती नणंदबाईंच्याही ओळखीचा आहे

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

ताईंचं वय 64. नोकरीतून निवृत्त झाल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी यजमान गेले. 2002 च्या डिसेंबरात, पाच वर्षांच्या मुलाला शेजारणीकडे ठेवून, दोघांनी न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर 'द लायन किंग' पाहिलं. घरखर्चातून पैसे बाजूला टाकून काढलेली तिकिटं होती ती. नाटक सुरू होताच प्रेक्षागृहातल्या वाटेवरून, आत माणसं असलेला भला मोठा हत्ती चालत आला आणि यजमानांच्या खुर्चीला जवळजवळ घासून गेला. त्या रात्री घरी आल्यावर फोनकार्ड संपेपर्यंत ते सावंतवाडीला धाकट्या बहिणीशी बोलत होते: "अगो, हत्ती माझ्या बाजून गेलो!" पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ म्हणता म्हणता वीस वर्षं गेली आणि मग तेच गेले.

आता ती बहीण, म्हणजे ताईंची नणंद, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, पहिल्यांदाच अमेरिकेला येते आहे, तीन महिन्यांसाठी. नायगारा नको, वॉशिंग्टन नको. फोनवर एकच म्हणाल्या: "वयनी, माका तो हत्ती बघूचो आसा."

ताई लिहितात: "माझ्या पोटात गोळाच आला. ते आमचं नाटक होतं. त्या दारातून मला पुन्हा आत जाववणार नाही. आणि गेले तरी पूर्वीचं सगळं पुसलं जाईल अशी भीती वाटते. मुलगा म्हणतो, आत्याला इंग्रजी कळणार नाही, एवढे डॉलर वाया जातील. त्यापेक्षा मुलाबरोबर तिला पाठवावं का? की आपण दोघींनी 'अलादीन' बघून यावं? तिला फरक कळणारही नाही. असं करणं अप्पलपोटेपणाचं होईल का?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, अप्पलपोटेपणा नाही. माणूस गेल्यावर त्याच्याबरोबरची एखादी जागा, एखादं गाणं, एखादा पदार्थसुद्धा आपण झाकून ठेवतो. माझ्या ओळखीच्या एक बाई यजमान गेल्यावर सहा वर्षं घरात पुरणपोळी करत नव्हत्या. कुणी त्यांना बोल लावला नाही, लावूही नये. तुम्हाला जायचं नसेल तर तुम्ही जाऊ नका. एवढं गृहीत धरून पुढचं वाचा, म्हणजे मी तुम्हाला ढकलते आहे असं वाटणार नाही.

पण पत्रातल्या एका गोष्टीपाशी मी थांबले. "त्या दारातून आत जाववणार नाही" असं तुम्ही लिहिता. ताई, ते दार आता त्या नाटकाचं राहिलेलं नाही. 2002 मध्ये तुम्ही दोघं गेलात तेव्हा 'लायन किंग' 42 व्या रस्त्यावरच्या न्यू ॲमस्टरडॅम थिएटरात चालू होतं. 1903 साली बांधलेलं ते जुनं, वेलबुट्टीचं नाट्यगृह. 1997 च्या नोव्हेंबरात नाटक तिथेच सुरू झालं आणि 2006 च्या जूनमध्ये तिथून हललं. तेव्हापासून ते 45 व्या रस्त्यावरच्या मिन्सकॉफ थिएटरात आहे. ती अगदी वेगळी इमारत आहे. सरकत्या जिन्याने वर जायचं, मोठाल्या काचांमधून खाली टाइम्स स्क्वेअर दिसतो. तिथे तुम्ही दोघं कधी गेलाच नाहीत.

आणि तुम्ही ज्याचा आडोसा शोधताय ते 'अलादीन' कुठे चालू आहे? 2014 पासून न्यू ॲमस्टरडॅममध्येच. म्हणजे आठवण टाळायला म्हणून नणंदबाईंना घेऊन गेलात, तर तुम्ही नेमक्या त्याच दारातून आत जाल आणि त्याच प्रेक्षागृहात बसाल. हे तुम्हाला आयत्या वेळी तिथे पोचल्यावर कळायला नको, म्हणून स्पष्ट सांगते आहे.

तुमच्या भीतीचं ओझं त्या वास्तूवर होतं, असं निदान पत्रावरून वाटतं. ते आता जरा हलकं होतं का, बघा. कदाचित उलटंही होईल, "तीही जागा गेली" असं वाटून अधिकच भरून येईल. दोन्ही शक्य आहे. दोन दिवस जाऊ द्या.

पुसलं जाण्याच्या भीतीबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. आपल्याकडे नाटकाच्या खेळाला 'प्रयोग' म्हणतात आणि जाहिरातीत प्रयोगाचा आकडा छापतात. संहिता तीच, तरी शंभरावा वेगळा आणि एकशे एकावा वेगळा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. 'लायन किंग'चे दहा हजारांहून जास्त प्रयोग झालेत, आठवड्याला आठ. ब्रॉडवेच्या इतिहासात त्याहून जास्त प्रयोग फक्त 'फँटम ऑफ द ऑपेरा' आणि 'शिकागो'चे आहेत. 1997 ला सुरुवात करणारा नटसंच 2002 पर्यंतही बराचसा बदललेला होता, म्हणजे तुमच्या यजमानांनी पाहिलेला प्रयोगसुद्धा 'पहिला' नव्हता. त्यांच्या बाजूने गेलेला तो हत्ती मात्र त्या रात्रीचा, त्या खुर्चीचाच होता. तो पुसायचा कसा? उद्या दुसरा हत्ती येईल, आत दुसरी माणसं असतील, शेजारी दुसरं माणूस बसलेलं असेल. दोन्ही हत्ती तुमच्या लक्षात राहतील. मी स्वतः एक संगीत नाटक आधी वडिलांबरोबर आणि पंधरा वर्षांनी मुलीबरोबर पाहिलं. दुसऱ्या वेळी पहिलं अंधुक झालं नाही. उलट वडील कुठल्या जागेला मान डोलवायचे ते मला मुलीच्या शेजारी बसल्यावरच आठवलं.

आता "आमचं नाटक". इथे मी तुम्हाला थोडं अडवणार आहे, रागावू नका. फोनकार्ड संपेपर्यंत तुमचे यजमान कुणाशी बोलत होते? तुम्ही तर शेजारीच बसला होतात, तुम्हाला सांगायची गरजच नव्हती. सावंतवाडीच्या घरात त्या वेळी सकाळ असेल, आणि फोन कानाला लावून उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीला दादाने तो हत्ती पाठवला. तुम्ही तो डोळ्यांनी पाहिलात, नणंदबाईंनी कानांनी पाहिला, आणि वीस-बावीस वर्षं सांभाळून ठेवला. ती रात्र तुम्हा दोघांची होती हे खरंच, पण रात्रीचा शेवटचा अर्धा तास तिघांचा होता. भाऊ गेला तेव्हा त्या विमानाने येऊ शकल्या होत्या का, हे पत्रात नाही. नसतील, तर त्यांना निरोप घ्यायला जागाच मिळालेली नाही. हत्ती बघायचाय असं म्हणताना त्या काय मागताहेत, ते एकदा त्यांच्या बाजूने बघा.

म्हणूनच "तिला फरक कळणार नाही" हे वाक्य मला पटलं नाही. अलादीन चांगलं नाटक आहे, पण त्यात तो हत्ती नाही. त्यांना फरक पहिल्या मिनिटाला कळेल, आणि त्या काही बोलणार नाहीत. त्याचंच वाईट वाटेल.

मुलाचं म्हणणं, इंग्रजी कळणार नाही. त्याला सांगा, नाटकाची पहिली हाक झुलू भाषेत आहे. पडदा उघडताना एक बाई जे गाते ते सोळाशे-सतराशे प्रेक्षकांपैकी जवळजवळ कुणालाच कळत नाही, अमेरिकनांनासुद्धा नाही, आणि तरी अंगावर काटा सगळ्यांच्या येतो. दक्षिण आफ्रिकेच्या लेबो एम यांनी त्यातली कोरसगीतं रचली आणि आफ्रिकेतल्या अनेक भाषा नाटकभर पेरल्या. भाषांतर कुणी देत नाही, द्यावं लागतही नाही.

त्यातून तुमच्या नणंदबाई सावंतवाडीच्या! जत्रेत देवळासमोर रात्र रात्र बसून दशावतार बघणारं माणूस. सोंडेचा मुखवटा लावून गणपती येतो, मागून काळा संकासुर येतो. मुखवट्यामागचा माणूस गावातला कोण ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी हात जोडले जातात. 'लायन किंग'च्या दिग्दर्शिका जूली टेमर यांनी नेमकं हेच केलंय. सिंहाचा मुखवटा नटाच्या चेहऱ्यावर नाही, डोक्याच्या वर आहे. खाली माणसाचा चेहरा उघडा, वर सिंह, दोन्ही एकदम बघायचे. जिराफाच्या आत काठ्यांवर उभा असलेला माणूस लपवलेला नाही. गवताळ रान दाखवायचं तर नटच डोक्यावर गवत घेऊन उभे राहतात. टेमर तरुणपणी काही वर्षं इंडोनेशियात राहून हे शिकल्या, जिथे आजही चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांतून महाभारताची आख्यानं लावतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या नाचवतात, त्यांचीच ही लांबची भावंडं म्हणायची. 1998 साली संगीतिकेच्या दिग्दर्शनाचा टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार, मिळवणाऱ्या टेमर पहिल्या स्त्री ठरल्या. तुमच्या मुलापेक्षा त्याच्या आत्याला हे नाटक जास्त कळेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

गोष्ट मात्र आधी घरी सांगून ठेवा. भाऊच राजाला मारतो, पोराच्या डोक्यावर आळ घालतो, पोरगं पळून जातं, मोठं होऊन परत येतं: एवढंच. 2019 चा सिनेमा हिंदीतही आहे, शाहरुख खान आणि त्याच्या मुलाच्या आवाजात. एका दुपारी दोघी मिळून बघा. नाट्यगृहात मोबाइलवर इंग्रजी संवाद वाचायचं ॲपही असतं, गॅलाप्रो नावाचं. कमी ऐकू येणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होतो. पण नणंदबाईंच्या हातात ते देऊ नका. नजर खाली राहील आणि वरचं सुटेल.

एक गोष्ट तुम्हाला आधीच माहीत असायला हवी, विसरला असाल तर. मध्यंतराच्या आधी राजा मरतो. त्यानंतर सिंहिणी पुढे येतात आणि त्यांच्या डोळ्यांतून पांढऱ्या रेशमी फिती ओघळत बाहेर येतात. तेच अश्रू. 2002 मध्ये तुम्ही चाळिशीच्या होतात, यजमान शेजारी होते, तुम्ही तो प्रसंग 'काय सुंदर सुचलंय' म्हणून पाहिला असाल. आता तसा नाही दिसणार. उत्तरार्धात अंधारात एकेक तुकडा जुळत मेलेल्या बापाचा चेहरा उभा राहतो आणि तो पोराशी बोलतो. या दोन जागा ठाऊक असू द्या, नणंदबाईंनाही सांगून ठेवा. रडू आलं तर अंधार असतो, आणि शेजारी असं माणूस असेल ज्याला कारण सांगावं लागणार नाही. तरीही तुमचं मन घट्ट 'नाही' म्हणत असेल, तर तसं त्यांना सरळ सांगा: "मला झेपणार नाही, तुम्ही मुलाबरोबर जा, मी बाहेर तुमची वाट बघते." त्या शिक्षिका आहेत, भावाची बहीण आहेत, समजून घेतील. आजारपणाचं निमित्त मात्र काढू नका, कारण त्या ओळखतील. मुलालाही मग बजावून ठेवा, आत्याला नुसतं आत सोडून स्वतः फोनमध्ये डोकं घालायचं नाही.

जायचं ठरलं, तर पुढचं ऐका. हे तुमच्यासारखंच या उन्हाळ्यात आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना न्यायचा विचार करणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल.

खुर्ची वाटेच्या कडेची घ्या, खालच्या मजल्यावरची, ज्याला तिथे ऑर्केस्ट्रा म्हणतात. प्राण्यांची मिरवणूक त्याच वाटांवरून जाते आणि आखडलेला गुडघा लांब करायलाही तीच जागा बरी. एरवी मी वरच्या सज्जाची, मेझनीनची पहिली रांग सुचवते, कारण रंगमंचावरची सगळी आकृती तिथून दिसते. पण तुम्ही चित्र बघायला चालला नाहीत, हत्ती बाजूने जायला हवाय. त्यामुळे नणंदबाईंना वाटेकडे बसवा आणि तुम्ही आतल्या बाजूला. मी एकदा मावशीला दुसऱ्या एका नाटकाला स्वस्तातल्या कडेच्या खुर्च्यांवर नेलं होतं. अर्धा रंगमंच खांबाआड गेला आणि मावशी "छान होतं हो" म्हणत राहिली. ते अजून टोचतं मला.

तिकिटं नाटकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा थेट थिएटरच्या खिडकीवरून काढा. खिडकीवर ऑनलाइनचं जादा शुल्क सहसा वाचतं. इंटरनेटवर शोधल्यावर सगळ्यात वर दिसणारं पान बहुतेकदा फेरविक्री करणाऱ्यांचं असतं, तिथे तेच तिकीट दुपटीला पडू शकतं. टाइम्स स्क्वेअरमधल्या लाल पायऱ्यांखाली टीकेटीएसची खिडकी आहे. 1973 पासून तिथे त्याच दिवसाची तिकिटं सवलतीत मिळतात, कधी निम्म्या दरात. ज्यांना अमुकच नाटक हवं असा हट्ट नाही त्यांनी जरूर जावं. पण 'लायन किंग' तिथे मिळेल अशा भरवशावर राहू नका. स्वस्त तिकिटांच्या लॉटरीचंही तसंच. तरुण पोरांनी नशीब अजमावावं, परदेशातून आलेल्या साठीच्या पाहुण्यांना घेऊन नाही.

किमतीचं काय सांगायचं हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. नणंदबाई रुपयांत गुणाकार करणारच. खोटं सांगू नका. "दादाने पुन्हा जायचं म्हणून ठेवलेले पैसे आहेत" असं म्हणा. ते खरंच आहे, पुन्हा जाऊ असं त्यांनीच म्हटलं होतं.

शनिवार-रविवारी दुपारचा प्रयोग असतो, तोच घ्या. मध्यंतर धरून अडीच तासांचा. उजेडात घरी परताल, आणि भारतातून आल्याला निदान दोन आठवडे होऊ द्या, नाहीतर पाहुणी भर नाटकात झोपते आणि मग तिलाच अपराधी वाटतं. एडिसनहून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी न्यूयॉर्क पेन स्टेशनला जाते. तिथून थिएटर अकरा रस्ते वर. चालवत असेल तर चाला, नाहीतर सबवेने एकच थांबा, 34 वरून 42. गुडघे फारच दुखत असतील तर टॅक्सी. मिन्सकॉफला सरकते जिने आणि लिफ्ट आहे हे तुमचं भाग्य. ब्रॉडवेवरची पुष्कळ नाट्यगृहं शंभर वर्षांची आहेत आणि वरच्या सज्जाला लिफ्ट नसते, तेव्हा दुसरं नाटक बघणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी हे विचारून घ्यावं.

अर्धा-पाऊण तास आधी पोचा. या नाटकात उशीर अजिबात चालत नाही: मिरवणूक प्रेक्षकांमधूनच जाते, त्यामुळे उशिरा आलेल्यांना तेवढा वेळ बाहेर थांबवतात. म्हणजे हत्ती चुकला! आत गेल्या गेल्या स्वच्छतागृह उरकून घ्या, मध्यंतरात बायकांची रांग जिन्यापर्यंत येते. खाऊन निघा, मध्यंतरात वडा-चहा मिळणार नाही. आणि बाहेर कितीही उकडत असलं तरी दोघींच्या शाली घ्या, आतला एसी फार बोचतो.

आणखी एक. पुढच्या वर्षी बघू, असं नका करू. 'फँटम' 35 वर्षं चाललं आणि 13,981 प्रयोगांनंतर 16 एप्रिल 2023 ला बंद झालं. 12 मार्च 2020 ला तर करोनामुळे सगळं ब्रॉडवेच एका दिवसात अंधारात गेलं, 'लायन किंग' परत उभं राहायला 14 सप्टेंबर 2021 उजाडला. नणंदबाईही दरवर्षी येणार नाहीत.

आत शिरताना प्रत्येकाच्या हातात प्लेबिल देतात, नाटकाची छोटी पुस्तिका, फुकट. तुम्ही पत्रात लिहिलंय की 2002 चं प्लेबिल तिकिटाच्या तुकड्यासकट अजून तुमच्या कपाटात आहे. ते पिशवीत घालून न्या. नाटकानंतर दाखवू नका, जातानाच गाडीत दाखवा. एडिसन ते न्यूयॉर्क पाऊण तास तरी लागतो. त्यांना विचारा, त्या रात्री दादा फोनवर आणखी काय काय म्हणाला. तुम्ही शेजारीच होतात, पण फोनच्या दुसऱ्या टोकाला काय ऐकू आलं ते तुम्हाला अजून ठाऊक नाही.